बाबासो घाडग्यांची डिझेलची टाकी

किल्ली मागितली ती सोमवारी सकाळी, आणि तीही वॉचमनच्या तोंडून. बाबासो घाडगे जुईनगरहून नेहमीसारखे चालत सीवूड्सला आले, स्नेहसागर सोसायटीच्या फाटकातून आत पाऊल टाकलं, तोच वॉचमन खुर्चीतून उठला. एरवी तो उठत नसे.

"काका, टाकीच्या शेडची किल्ली ऑफिसात जमा करायला सांगितलीय. नाबरसाहेबांनी."

हे बोलताना तो बाबासोंच्या चपलांकडे बघत होता. बाबासोंनी खिशातली किल्ली चाचपली. सव्वीस वर्षं ती त्याच खिशात होती. शर्ट बदलले, खिसा उजवाच राहिला.

"आज सोमवार हाय," ते म्हणाले. "गज टाकायचाय. पाणी काढायचंय."

"ते मला नाय माहीत काका. मला सांगितलं ते सांगितलं."

मग त्यांची नजर नोटीस बोर्डावर गेली. नवा कागद, चार कोपऱ्यांना चार टाचण्या. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डिझेलची चोरी'. खाली बारीक अक्षरांत, सर्व सभासदांनी लक्ष ठेवावे, लवकरच कॅमेरा बसवण्यात येईल. नाव कुणाचंच नव्हतं. पण टाकीच्या शेडला कुलूप एक आणि कुलपाला किल्ली एक, हे सोसायटीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

बाबासोंची नोकरी दिवाळीपर्यंत होती. जेमतेम दोन महिने. आपण जाताना काय होईल याचं चित्र त्यांनी मनाशी रंगवलं होतं. फार काही नाही. नव्या माणसाला शेडमध्ये न्यायचं, गज कसा टाकायचा ते दाखवायचं, किल्ली त्याच्या हातावर ठेवायची आणि पायरी उतरायची. एवढाच प्रवेश. त्यासाठी सव्वीस वर्षं तालीम केलेली. आता ती किल्ली वॉचमन मागत होता.

*

बाबासो मूळचे सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले. विशीत बाजारात हमाल म्हणून लागले, कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवरून वाहिल्या, आणि चौतिसाव्या वर्षी एका गोणीखाली पाठ अशी धरली की पुन्हा ओझं उचलणं संपलं. तेव्हा स्नेहसागर नुकती उभी राहत होती. तिचे पहिले अध्यक्ष प्रधानसाहेब बाजारात भाजी घ्यायला यायचे, त्यांनी या माणसाला गोण्यांच्या थप्पीला टेकून बसलेलं पाहिलं, चौकशी केली आणि म्हणाले, "ओझं नाही, लक्ष ठेवायचं काम आहे. जमेल?"

लक्ष ठेवायचं ते जनरेटरवर. लाइट गेली की लिफ्ट आणि पाण्याचे पंप त्याच्यावर चालायचे. त्याला लागणारं डिझेल इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, नऊशे नव्वद लिटरच्या लोखंडी टाकीत. आडव्या पिंपासारखी गोल टाकी, दोन विटांच्या चौथऱ्यांवर निजलेली. चौथऱ्यांना वरून सिमेंटची खोबण केलेली, त्यात तिचं पोट बसायचं. जासईच्या एका लोहाराने ती वाकवून, जोडून आणली होती.

पहिल्याच वर्षी ती गोष्ट घडली. अमावास्येचा दिवस. भर दुपारी लाइट गेली, बाबासोंनी जनरेटर चालू केला, तो चार वेळा खोकला आणि बंद पडला. आणि लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, प्रधानसाहेब. हृदयाचं दुखणं असलेला माणूस पन्नास मिनिटं त्या पेटीत उभा होता. बाहेर काढलं तेव्हा त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि ते हसून म्हणाले होते, "बाबासो, तुमच्या मशीनचा माझ्यावर राग दिसतो."

मेकॅनिक आला. त्याने टाकीच्या तळाची तोटी उघडली तर आधी पाणी आलं, मग काळी शेवाळासारखी घाण, मग डिझेल. त्याने समजावून सांगितलं. टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेला घाम फुटतो. तो घाम भिंतींवरून ओघळून तळाशी बसतो, कारण पाणी डिझेलहून जड. तिथे ते पत्रा खातं. बाहेरून टाकी नवरीसारखी दिसते आणि आतून तिचं पोट सडत असतं. अशा टाकीचं आयुष्य वीस वर्षं, फार जपलंत तर पंचवीस. दर आठवड्याला पाणी काढा, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, रंग उडू देऊ नका, अधूनमधून ठोकून आवाज ऐका.

बाबासोंनी ते सगळं ऐकलं आणि त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट केली. बाजारात प्रत्येक ट्रकला, प्रत्येक काट्याला अमावास्येला लिंबू लागायचं. या टाकीला कुणीच लावलं नव्हतं. प्रधानसाहेबांच्या बायकोने, चारुलताबाईंनी, गॅलरीत कुंडीत लिंबाचं झाड लावलं होतं. त्यांनीच एक लिंबू तोडून दिलं. "लावा हो," त्या म्हणाल्या, "यांना पुन्हा कोंडायला नको."

लिंबू कापून, कुंकू भरून त्यांनी टाकीवर ठेवलं तर ते घरंगळलं. गोल पोटावर काय टिकणार? वरच्या हवेच्या नळीला टांगलं तर कावळ्यांनी नेलं. शेवटी पुढच्या चौथऱ्यावर, टाकीचं पोट आणि सिमेंटची खोबण यांच्यामध्ये बोटभर फट होती, तिच्यात दोन्ही फोडी घट्ट बसल्या. जणू देवळीच. तेव्हापासून तीच जागा ठरली.

पाणी काढणं आणि लिंबू लावणं, दोन्ही बाबासो एकाच दिवशी शिकले. दोन्ही सव्वीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही. दर सोमवारी सकाळी पितळी गजाच्या टोकाला एक लेप लावून तो आत सोडायचा, डिझेल कुठवर आहे ती लेव्हल लिहायची, तळाशी पाणी असेल तर लेपाचा रंग बदलतो. मग तोटी सोडून पाणी बादलीत घ्यायचं, स्वच्छ डिझेलची धार लागेपर्यंत. लाकडी हातोडीने टाकी टोकापासून टोकापर्यंत ठोकायची आणि कान लावायचा. दर दोन वर्षांनी रंग. दर खंडेनवमीला त्याच चौथऱ्याच्या कडेवर नारळ फोडायचा, पाणी फटीत ओतायचं. आणि दर अमावास्येला चारुलताबाईंच्या झाडाचं लिंबू. जुनं काढायचं नाही. ज्याने दृष्ट घेतली त्याला हात लावू नये असं बाजारात मानत. नवं लिंबू जुन्याला आत सारायचं, बस्स.

प्रधानसाहेब गेले त्याला बारा वर्षं झाली. लिफ्टमध्ये नाही, बिछान्यात. चारुलताबाई झाडाला पाणी घालत राहिल्या.

*

"काका, पर्सनली घेऊ नका," आशुतोष नाबर म्हणाला. नवा सेक्रेटरी, चाळिशीच्या आतला. लॅपटॉपवरची नजर न काढता बोलण्याची त्याला सवय होती. "एक प्रोसेस असते."

"चोरी कुणी केली म्हणायची?"

"मी कुणाचं नाव घेतलंय का?"

"किल्ली एकच हाय साहेब. नाव घ्यायची गरज कुठं पडली?"

नाबरने लॅपटॉप बंद केला. "ओके. मग तुम्हीच सांगा. तीन आठवडे झाले, जनरेटर टेस्टिंगची दहा मिनिटं सोडली तर चाललेला नाही. तुम्हीच दर सोमवारी लेव्हल लिहून देता. चार बोटं खाली. डिझेल म्हणजे कापूर आहे का, उडून जायला?"

"गळत आसंल."

"कुठे? मी स्वतः बघून आलो. खाली एक थेंब नाही. एक थेंब दाखवा, मी नोटीस काढून टाकतो."

 तो थेंब बाबासोही तीन आठवडे शोधत होते. टाकीखाली वर्तमानपत्रं अंथरली, सकाळी ती कोरडी करकरीत. तोटी पुसली, जोड पुसले, बोटांचा वास घेतला. काही नाही. हवं तर लेव्हल खोटी लिहिता आली असती, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी खरी लिहिली आणि तोच पुरावा झाला.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. नाबरने ती ड्रॉवरमध्ये टाकली, स्टेपलरच्या शेजारी.

जिन्यात दोघीजणी बोलत होत्या, त्यांना बघून गप्प झाल्या. हे नवीन होतं. याआधी त्यांना बघून बायका बोलायला लागायच्या, नळाचं काय झालं, लिफ्टचा आवाज का येतोय. एक गृहस्थ मात्र थांबले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, घेतलं असेल थोडंफार तर सांगून टाका. सगळेच घेतात. कोण फाशी देतंय?" त्यांना वाटलं आपण धीर देतोय.

घरी बायकोने, राजाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

"सव्वीस वर्सं त्या डब्याला ठोकून ठोकून ऐकलं," त्या म्हणाल्या. "माझी कंबर येकदा तरी ठोकून बघितली का, गंज चढलाय का त्यो?"

"थट्टा नगं करू आज."

"थट्टा कोन करतंय? त्यांनी चोर म्हनलं, तुमी घरी आला. बसून ऱ्हानार हाय का आता?"

"काय करू मग?"

"ती टाकी कुनी केली व्हती? त्याला बोलवा. डागतर येगळा असतो आन् आई येगळी."

*

जासईला तो लोहार आता नव्हता. त्याचा मुलगा विलास होता, पन्नाशीचा, कंटेनर यार्डांच्या मधोमध पत्र्याचं वर्कशॉप. बाप विळे-कोयते आणि टाक्या करायचा, विलास फुटलेल्या कंटेनरांना ठिगळं लावायचा. बाबासोंनी नाव सांगताच त्याने तोंडावरची काच वर केली.

"स्नेहसागरची टाकी? ती अजून हाय? बाबासंगती मी आलतू तिला बसवाला. तवा माझं लगीन पन नवता झाला."

"हाय. पन गळतीया आसं वाटतंय. दिसत न्हाई."

"पंचवीस वर्सं झाली मामा. माणूस पन गलतो." त्याने बिडी पेटवली. "कोनी बोलवलाय? सोसायटीनी?"

"सोसायटीनं मला चोर ठरवलंय. मी बोलवतोय."

विलासने बिडी अर्धी ओढून विझवली. मग एवढंच म्हणाला, "गुरवारी येतू. बापाचा काम हाय, बगाला पायजे."

नाबरने परवानगी दिली. लगेच दिली, हे सांगायला हवं. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. त्याला फक्त ही फाइल बंद करायची होती, कुठल्या का नावाने होईना.

गुरुवारी सकाळी नऊला शेड उघडली. वॉचमनने किल्ली आणली, कुलूप काढलं, किल्ली परत खिशात टाकली आणि दाराशी उभा राहिला. पहारा कुणावर होता ते उघड होतं. विलासने डिझेल पिंपांत काढून घेतलं. मग हातोडी घेतली. बाबासो शेजारी उकिडवे बसले.

टण्ण. टण्ण. मागच्या टोकापासून पुढे येत विलास ठोकत होता, आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्याचा चेहरा उजळत होता.

"मामा, तळाला बी आवाज कडक हाय. कोन काढत होता पानी?"

"मी. सोमवारचं."

"दर सोमवारी?"

"आई वारली तवा गावाला गेलो नव्हतो का, त्यो येक सोमवार ऱ्हायला. मग मंगळवारी काढलं."

विलास हसला. "माझे बापाला दाकवाला पायजे होता. तो बोलाचा, मी टाकी करतू, लोका तिला मारतात. ही अजून धा वर्सं जाईल." मग त्याचा हात पुढच्या चौथऱ्यापाशी आला आणि आवाज बदलला. टण्ण नाही. ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा डब.

त्याने पुन्हा मारलं. डब.

"हितं तुमी नाय ठोकला कंदी."

"माझी लाकडी हातोडी पोचत न्हाई. आन् ती..." बाबासो थांबले. "ती देवाची जागा हाय."

विलासने वाकून बघितलं. सगळ्या टाकीला राखाडी रंगाचे दहा-बारा थर, आणि त्या फटीभोवती वीतभर जागेला रंगाचं बोट नाही. ब्रश तिथे आला की बाबासो हात आवरायचे. लिंबाला रंग लागू नये म्हणून.

साखळी लावून टाकी पुढून चार बोटं उचलली. विलासने फटीत पान्याचं टोक घातलं आणि ओढलं.

ते जे बाहेर आलं ते पहिल्यांदा कुणाला ओळखूच आलं नाही. काळं, चिकट, डिझेलने थबथबलेलं, हातभर लांब. मग त्यात एक साल दिसली. मग दुसरी. एकात एक दाबलेली, चेपलेली, शेकड्यांनी. मधेच कुंकवाचा लाल डाग, मधेच नारळाची शेंडी, सडका दोरा, तांदूळ. विलास ओढत राहिला आणि ते संपेना. सव्वीस वर्षांच्या अमावास्या शेडच्या फरशीवर येऊन पडत होत्या.

त्या लगद्यामागे टाकीचा पत्रा होता. होता म्हणजे काय, चाळणी होती. विलासने अंगठा टेकवला, तो आत गेला.

"आंबट नि ओल," तो हळूच म्हणाला. "वारा नाय, ऊन नाय. खोबणीत बसून चाटत होता पत्र्याला." त्याने पाना चौथऱ्याच्या विटांत खुपसला, बाहेर काढून हुंगला. "आनि डिझेल खाली पडनार कसा? लिंबानी पिला, विटंनी पिला, जमिनीत उतरला. बाहेर थेंब नाय."

बाबासोंना मागच्या भिंतीजवळची तगर आठवली. गेल्या पंधरवड्यात, भर पावसाळ्यात, तिची पानं पिवळी पडून गळाली होती. त्यांनी माळ्याला झापलं होतं, लक्ष नसतं तुझं.

 एक साल त्यांनी उचलली. ती आतल्या बाजूने अजून थोडी पिवळी होती, म्हणजे मागच्याच अमावास्येची. मागच्या अमावास्येला लेव्हल उतरायला लागली होती म्हणून त्यांनी दोन लिंबं लावली होती.

वॉचमन दारातून पुढे आला होता. विलासने त्याच्याकडे पाहिलं. "भाऊ, च्या सांग जरा." तो गेला तसा विलास खाली बसला आणि भराभरा तो लगदा गोणपाटात भरू लागला.

"मामा, आयका. भोक सापडला, तुमी सुटला. मी लिवून देतू, वय झाला, गंजला. पंचवीस वर्सं म्हनजे कोनी विचारनार नाय. ह्ये लिंबू मी नेतू, खाडीन टाकतू. तुमी बोलू नका, मी बोलनार नाय."

बाबासोंनी हातातली साल गोणपाटात टाकली. सव्वीस वर्षांत त्यांच्यासाठी इतकं कुणी केलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.

*

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली. वीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा. चारुलताबाई नव्हत्या, गुडघ्यांमुळे त्या खाली येत नसत. विलास इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाबासो दाराशी उभे होते, कुणी खुर्ची दिली नव्हती आणि त्यांनी घेतली नव्हती.

नाबरने विलासचा कागद वाचून दाखवला. पुढच्या चौथऱ्याजवळ भोक, डिझेल जमिनीत झिरपलं, कारण टाकीचं वय.

"म्हणजे चोरी नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"लीकेज आहे. ओके," नाबर म्हणाला. "पण माझा एक प्रश्न आहे. बाकी पूर्ण टाकी चांगली आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग भोक तिथेच का? वयाने गंजली तर सगळीकडे गंजेल ना?" त्याने विलासकडे बोट केलं. "टाकी तुमच्या वडिलांनी बनवली होती. तिथे पत्रा पातळ वापरला असणार. किंवा जुना. क्लिअर कट मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. त्या काळात हे लोक भंगारातलंच आणून जोडायचे."

विलासचा चेहरा लाल झाला. त्याने तोंड उघडलं. मग बाबासोंकडे पाहिलं आणि मिटलं. शब्द दिला होता.

"तसं मिनिट्समध्ये घेऊ या," नाबर म्हणाला. "निकृष्ट काम."

हॉलमध्ये हो-हो झालं. सगळ्यांना बरं वाटलं. एक मेलेला लोहार होता, त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्याच्या अंगावर ढकललं की प्रत्येकजण आपापल्या पोह्यांकडे जायला मोकळा.

"पत्रा चांगला व्हता," बाबासो दारातून म्हणाले.

"काय काका?"

"पत्रा चांगला व्हता. मी खाल्ला त्यो."

ते दोन पावलं पुढे आले. हात कुठे ठेवावे कळेना म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले, शाळेत पाढे म्हणताना बांधतात तसे. आणि सांगितलं. लिंबू, फट, नारळाचं पाणी, जुनं आत सारणं, रंग न लावणं. सगळं, मागच्या अमावास्येच्या दोन लिंबांसकट. फक्त लिंबू कुणाच्या झाडाचं ते सांगितलं नाही. कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "बाजारातून आणायचो."

 बाबासोंना वाटलं, आता कुणी रागावेल. रागवावं अशी त्यांची इच्छाही होती. सव्वीस वर्षं जपलेली वस्तू आपल्याच हाताने मारली, त्याला काहीतरी शिक्षा असायला हवी.

मग मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं.

"म्हणजे लिंबूटिंबूने टाकी फोडली," एकजण म्हणाला आणि हॉल फुटला. पुढच्या बाई डोळे पुसत होत्या. "काका, थोडी मिरची पण लावायची होती," दुसरा म्हणाला. "भजी झाली असती." नाबरसुद्धा हसला. पहिल्यांदाच त्याने बाबासोंच्या डोळ्यांत बघून काही केलं असेल, तर हे.

"ठीक आहे, ठीक आहे," तो म्हणाला. "मिनिट्समध्ये 'वयोमानाने' असंच टाका. हे लिंबू-बिंबू कुठे लिहिणार? आणि नवी टाकी प्लास्टिकची येतेय, मशीनच्या पोटातच. तिला काय गंजायचंय."

विलास बाहेर गाडीपाशी थांबला होता. "का बोलला तुमी?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता. "गप ऱ्हायाचा होता. मेलेला माणूस, त्याला काय फरक परतो?"

"तुला पडत व्हता," बाबासो म्हणाले.

विलासने गाडीला किक मारली. निघण्याआधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि गेला.

सोमवारी नोटीस बोर्डावरचा कागद काढलेला होता. चार टाचण्या तशाच होत्या. चोरी झाली नव्हती असा दुसरा कागद काही लागला नाही. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये चोरीचा मेसेज होता तिथेच राहिला, त्याच्याखाली लोकांनी पिवळ्या लिंबांची चित्रं टाकली. बाबासोंना ती एका ड्रायव्हरने दाखवली, प्रेमानेच.

*

दिवाळीच्या आधी दोन दिवस निरोप समारंभ झाला. पत्र्याची शेड तोवर पाडून झाली होती. टाकी भंगारात गेली, तिथे आता दोन चौथरे उभे होते आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी सायकल लावायला लागलं होतं. नवा माणूस नेमलाच नव्हता. नव्या मशीनला लक्ष ठेवणारा लागत नाही, ते मोबाइलवर कळवतं. किल्ली कुणाच्या हातावर ठेवायची हा प्रश्नच उरला नाही. ती नाबरच्या ड्रॉवरमध्ये होती, ती उघडेल असं कुलूप जगात कुठे नव्हतं.

समारंभाला चारुलताबाई आल्या. दोघांनी धरून लिफ्टने खाली आणल्या, पुढच्या खुर्चीत बसवल्या. तीन महिन्यांत त्या जिन्यापर्यंतसुद्धा आल्या नव्हत्या. त्यांच्याजवळ साधा फोन होता, त्यात ग्रुप नव्हता. टाकी जुनी झाली म्हणून बदलली, एवढंच त्यांना ठाऊक.

नाबरने भाषण केलं. छान केलं. सव्वीस वर्षांची निष्ठा, आजकाल अशी माणसं कुठे. मग शाल घातली आणि श्रीफळ हातात दिलं. बाबासोंनी नारळ दोन्ही हातांनी घेतला.

"फक्त एक रिक्वेस्ट, काका," नाबर माइकमध्ये म्हणाला. "हा नारळ घरी जाऊन फोडा. नव्या टाकीपासून लांब."

हॉल हसला. लहान मुलंही हसली, त्यांनाही ठाऊक होतं. बाबासोही हसले. दुसरं काय करणार, शाल अंगावर होती.

एकट्या चारुलताबाई इकडेतिकडे बघत होत्या. समारंभ संपला तशी त्यांनी खूण करून त्यांना जवळ बोलावलं.

"का हसले हो सगळे?"

"आसंच बाई. मी नारळ फोडतो तवा पाणी सगळ्यांच्या अंगावर उडवतो ना, म्हणून."

"मेल्यांना काय कळतंय," त्या म्हणाल्या. "हे असते तर तुम्हाला असं उभ्या उभ्या पाठवलं नसतं. किती जपलंत तुम्ही ती टाकी. ते म्हणायचे, बाबासो आहेत तोवर मला लिफ्टची भीती नाही." त्यांनी पदराखालून हात काढला. हातात लिंबू होतं, देठाला एक पान असलेलं. "परवा अमावास्या. तुम्ही जाणार म्हणून आजच आणलं. नव्या टाकीला लावा. शेवटचं तुमच्या हातचं."

 हॉलमध्ये खुर्च्या आवरत होते. एका खुर्चीवरून कुणीतरी हे बघितलं आणि कोपराने शेजाऱ्याला ढोसलं.

बाबासो मध्ये उभे राहिले, त्या दोघांकडे पाठ करून, म्हणजे बाईंना ते दिसू नयेत. लिंबू त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि उजव्या खिशात टाकलं.

"लावतो," ते म्हणाले.

घरी राजाबाईंनी शाल झटकून घडी घातली, नारळ देवापुढे ठेवला आणि पोह्यांना फोडणी दिली. खिसे रिकामे करायची त्यांची सवय होती, शर्ट धुवायला टाकताना. लिंबू हाताला लागलं.

"ह्ये कुठलं?"

"प्रधानबाईंचं."

राजाबाईंना सगळं माहीत होतं. त्या क्षणभर लिंबू हातात धरून उभ्या राहिल्या. मग विळीवर त्याच्या दोन फोडी केल्या, एक आपल्या ताटलीत पिळली आणि दुसरी त्यांच्या पोह्यांवर धरली.

"पिळू?"

बाबासोंनी ताटली बाजूला ओढली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आणि साल लोखंडाच्या कढईत नगं टाकू."

ते पोहे कोरडेच खाल्ले. राजाबाईंनी उरलेली फोड उचलली, दार उघडून बाहेर गेल्या आणि कुठे टाकली ते त्यांना सांगितलं नाही.